गोठ्यातला पंक्तिभेद

काळे बैल नुसत्या मुरघासावर असे काही अंगाला लागले होते, की शाल्मलीला स्वतःच्या शिक्षणाचीच शंका यायला लागली.

ब्रिस्टलबाहेर टॉम हॉकिन्सच्या फार्मवर ती खाद्य-सल्लागार होती. कत्तलखान्यात जाण्याआधी कुठल्या जातीला काय घातलं तर परवडतं, एवढंच सांगायचं. काळे अँगस लवकर चरबी धरतात, म्हणून त्यांना मुरघास, म्हणजे खड्ड्यात मुरवलेलं गवत. पांढरे शारोले दांडगे, उशिरा भरणारे. त्यांना वर महागडी बार्ली. पण इथे शारोले बार्ली फस्त करूनही फासळ्या दाखवत होते.

टॉम मात्र खुशीत होता. "पांढरे बंद! आज दुपारी गोठाभर नवे अँगस घ्यायचा सौदा करतो. तुझ्याच आकड्यांवर."

आकडे चुकले तर टॉम बुडणार, आणि त्याच्या पाठोपाठ शाल्मलीचं नाव. वजनकाटा तिने दोनदा तपासला होता. वैतागून ती सकाळीच पुन्हा गोठ्यात शिरली, आणि दारातच थबकली.

वेम्बलीहून राहायला आलेल्या तिच्या सासूबाई, सुप्रभाताई, रोज फिरायला म्हणून बाहेर पडायच्या. आत्ता त्या सुनेचे गमबूट घालून शारोलेंच्या गव्हाणीतली बार्ली बादलीत भरत होत्या आणि अँगसपुढे ओतत होत्या.

"आई! व्हॉट आर यू डूइंग?"

"ओरडू नकोस, बुजतात ते. किती दिवस बघतेय, गोऱ्यांना धान्य आणि काळ्यांना गवत! एका छपराखाली असा पंक्तिभेद? आमच्या घरी नोकरालासुद्धा कधी वेगळं वाढलं नाही."

"अहो, ही ट्रायल आहे! काळ्यांना बार्ली दिली की नुसती चरबी वाढते. कत्तलखानेवाले भाव पाडतात."

"कापायलाच नेणार ना शेवटी? मग जेवायला तरी एका पंगतीत बसवा."

शाल्मलीने कपाळावर हात मारला. कित्येक आठवड्यांचं काम त्या बादलीत गेलं होतं. एक अँगस सुप्रभाताईंची बाही चाटत होता.

ती धावत टॉमकडे गेली. तो फोनवर व्यापाऱ्याशी बोलत होता.

"टॉम, थांब. आकडे खोटे आहेत. माझ्या सासूबाईंनी बार्ली वाटून टाकली."

टॉमने फोन ठेवला. त्याला हे दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगताना ते आणखीच हास्यास्पद वाटलं.

"मी बाजारात सगळ्यांना सांगून बसलोय," तो म्हणाला. "नवी जनावरं आणू. पहिल्यापासून सुरू. तुझी फी मात्र एकदाच मिळेल."

"चालेल."

"आणि गोठ्याला कुलूप."

शाल्मली घरी परतली तेव्हा सुप्रभाताई बूट धूत होत्या.

"मग, ठरलं काय?"

"पुन्हा सगळं पहिल्यापासून."

"काळ्यांना परत गवतच?"

"हो, आई. गवतच."

"मग माझं उद्याचं तिकीट काढ. मला नाही बघवणार."

शाल्मलीने लगेच फोन काढला आणि आजच्या गाड्या बघायला सुरुवात केली.