मास्तरची माती

आत्याला गल्लीत सगळे आत्याच म्हणत. खरं तर ती एकाच मुलीची आत्या, धाकट्या भावाच्या. पण भाचीनं हाक सुरू केली आणि दूधवाल्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ती उचलली. लग्न तिनं केलं नव्हतं. कवळ्या बनवण्याच्या वर्कशॉपमध्ये तिची हयात गेली. गावातली निम्मी म्हातारी माणसं आमच्या ताईच्या दातांनी हसतात, असं भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचा.

आणि घरात मास्तर होता. मास्तर म्हणजे जमिनीवरचं कासव, चांगलं परातीएवढं. ताठ मान आणि कायमचा नाराज चेहरा, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलेलं. वडिलांना तो त्यांच्या काकांकडून मिळाला होता, आणि काकांकडे आला तेव्हाही तो एवढाच होता म्हणे. शंभरीच्या अलीकडे की पलीकडे, कोण सांगणार? "हा आपल्या सगळ्यांना पुरून उरणार," वडील म्हणायचे. जाताना त्यांनी त्याला आत्याच्या ओटीत घातलं.

एकदा भावाच्या मोटरसायकलचं चाक मास्तरच्या पाठीवर चढलं आणि कवचाचा कोपरा फुटला. आत्यानं वर्कशॉपमधून कवळीचा मसाला आणला, तडा बुजवला, घासून गुळगुळीत केला. मसाला हिरड्यांच्या रंगाचा. तेव्हापासून मास्तरच्या पाठीवर गुलाबी ठिगळ होतं, आणि भाची लहानपणी मैत्रिणींना ते दाखवायला घेऊन यायची.

मग आत्याच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. ऑपरेशन झालं, पण त्यातून भलतंच उपटलं. ताप चढला, शुद्ध हरपली. यमाच्या दारातून परत आली, असं सगळे म्हणाले. घरी आणलं तेव्हा तिच्या अंगात उभं राहायचंही त्राण नव्हतं. तरी उंबऱ्यातूनच तिनं विचारलं, "मास्तर कुठाय?"

भाऊ चपला काढण्यात गुंतला. भावजय म्हणाली, "ताई, आधी बसा तरी."

"कुठाय तो?"

"ताई, मास्तर गेला गं," भाऊ म्हणाला. "तू दिसेनाशी झालीस आणि त्यानं खाणंच टाकलं. खूप प्रयत्न केले आम्ही."

अंगणात भिंतीलगत मातीचा उंचवटा होता, वर फरशीचा तुकडा. भाची तिचा दंड धरून उभी राहिली. आत्या रडली नाही. पण पुढं कितीतरी दिवस ताटावर बसलं की तिच्या घशाखाली घास उतरेना. आपली वाट बघत ते मुकं जनावर उपाशी मेलं, हे तिच्या डोक्यातून जाईना. "आत्या, तुझा काय दोष त्यात?" भाची पाठीवरून हात फिरवत म्हणायची. त्या हातानं तिला बरं वाटायचं.

वर्ष उलटून गेलं. उंचवट्यावर एखादं फुलझाड लावावं असं आत्याच्या मनात आलं आणि ती बसनं गावाबाहेरच्या नर्सरीत गेली. कुंड्यांच्या रांगांमधून चालता चालता ती थबकली. गळक्या नळाखाली एक कासव कोथिंबिरीच्या काड्या चावत बसलं होतं. पाठीवर गुलाबी ठिगळ.

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा काड्यांत तोंड खुपसलं.

"चावत नाही हो ती," मागून नर्सरीवाली म्हणाली. हातांना माती, डोक्याला फडकं. "आमची राणी आहे."

"राणी?"

"मग काय! मास्तर का कायसं नाव सांगितलं होतं आम्हाला. मास्तर कसला, बाई आहे ती. उन्हाळ्यात अंडी घातली की!"

आत्याला हसू आलं. तिनं एका मोठ्या कुंडीचा काठ धरला. "कुठून आणलीत?"

"एका घरात होती. मालकीणबाई वारल्या बिचाऱ्या. हृदयाचं ऑपरेशन झालं, त्यातच गेल्या. भाऊ आणून देऊन गेला. बरोबर त्याची मुलगी होती, तिचे डोळे काही थांबेनात. जीव असणार आत्यावर."

"ती मालकीण मीच," आत्या म्हणाली.

नर्सरीवाली खताच्या पोत्यावर मटकन बसली.

आत्या घरी आली तेव्हा सगळे जेवायला बसत होते. तिनं पिशवी खाली ठेवली नाही, पाय धुतले नाहीत. "मी नर्सरीत गेले होते," एवढंच म्हणाली. कुणी "कुठली नर्सरी?" असं विचारलंसुद्धा नाही. तिघांचेही हात ताटात थांबले, आणि त्या थांबण्यातच तिला कळायचं ते कळलं.

"कधी दिलंत?"

भावानं ताट पुढं सारलं. "डॉक्टरांनी सांगितलं होतं ताई, मनाची तयारी ठेवा म्हणून. तू आम्हाला ओळखतसुद्धा नव्हतीस."

"कधी?"

"त्याच आठवड्यात," भावजय म्हणाली. "अहो, शंभर वर्षं जगणारं जनावर. तुमच्यामागे त्याचं कोण करणार होतं? मी? ही उद्या सासरी जाणार. बरी जागा मिळत होती, म्हणून..."

"मी जिवंत होते."

"होतीस गं," भाऊ म्हणाला. "पण वाटत नव्हतं."

"मग घरी आले तेव्हा? तेव्हा तरी दिसत होते ना जिवंत?"

भावजयीनं आमटीच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"आणि मी गेले म्हणून सांगितलंत त्यांना."

"नाहीतर ती बाई घेईना," भाऊ पुटपुटला. "म्हणाली, मालक असताना कशी घेऊ? आणि तू परत आल्यावर कुठल्या तोंडानं मागायला जाणार होतो?"

आत्या भाचीकडे वळली. "त्या फरशीखाली काय आहे?"

"काही नाही, आत्या. नुसती माती." भाचीचे डोळे भरून आले. "मला सांगायचं होतं. पण तू इतकी अशक्त होतीस..."

"मी त्याच्यासाठी उपाशी राहत होते तेव्हा तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस."

त्या दोघांचं तिला एवढं लागलं नाही. भाऊ लहानपणापासून पळपुटाच होता. पण ज्या पोरीला तिनं कडेवर वाढवलं, त्या पोरीचा तो हात आठवून तिच्या पाठीवर काटा आला. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नर्सरीवाली स्वतः टेम्पोतून मास्तरला घेऊन आली. "तुमची आहे, तुम्हीच ठेवा," म्हणाली आणि डोळे पुसत निघाली. आत्यानं तिला थांबवून चहा पाजला. मग दर रविवारी ती भाजीचा पाला घेऊन यायला लागली. दोघी अंगणात तास तास बसत. भावानं उंचवटा मोडून माती पसरली, तेव्हा आत्या बघत होती, पण काही बोलली नाही. जेवण ती आता आपल्या खोलीत नेई. चहा हवा का, औषध घेतलं का, एवढंच बोलणं उरलं.

एका संध्याकाळी भाची अंगणात येऊन तिच्याजवळ बसली. आत्या काकडीच्या फोडी करत होती.

"आत्या, तुझ्यानंतर मास्तरला मी सांभाळीन. सासरी नेईन हवं तर. शपथ."

"नको. नर्सरीवालीला सांगून ठेवलंय मी. ती आणि तिच्या मागे तिची लेक."

भाचीनं हळूच विचारलं, "माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"माया आहे," आत्या म्हणाली.

भाची पुढचं ऐकायला थांबून राहिली. आत्यानं एक फोड मास्तरच्या तोंडाशी धरली आणि दुसरी कापायला घेतली.