काळी चार

एकच गाणं आणि तीन बँड, हा अंतिम फेरीचा नियम ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला रंजीतानं आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. गाणं होतं ‘काठ जवळ आण नावाड्या’, झाडीपट्टीतल्या एका विसरलेल्या नाटकातलं. नाटक कोणाला आठवत नव्हतं, कंपनी कधीच बुडाली होती. उरली होती फक्त कुण्या प्रेक्षकानं मंडपात बसून भरलेली एक कॅसेट. गेल्या वर्षी एका पोरानं ती मोबाइलवर चढवली, खाली लिहिलं ‘गायिका माहीत नाही’, आणि चंद्रपूर-गडचिरोलीतला गिटार धरता येणारा प्रत्येक जण त्या गाण्याच्या मागे लागला. गाण्यातली नाव दूर जाते तसा काठावरच्या बाईचा आवाज चढत जातो, लय वाढत जाते, आणि शेवटच्या अंतऱ्याला ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. रॉकवाल्यांना आणखी काय हवं!

गायिका कोण, हे रंजीताला माहीत होतं. ती बाई समोर तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. भागीरथा, रंजीताची आई.

आईला बोलवायचंच नव्हतं. पण ‘फायनल हाये’ एवढं फोनवर तोंडातून निघालं आणि भागीरथाबाई कुरखेड्याहून एसटीनं येऊन थडकल्या. कोणतं गाणं, असं त्यांनी विचारलं तेव्हा रंजीतानं सरळ थाप मारली, “हिंदी हाये वो एक.” या घरात ते गाणं कधी गुणगुणलंही जात नसे. कॅसेट भरली त्या वर्षी तिच्या नकला गावोगावी, पानठेल्या-पानठेल्यावर वाजल्या होत्या. पुढच्या हंगामात कुरखेड्याच्या मंडपात लोक ओरडले, “कॅसेटसारखं म्हण!” भागीरथानं आवाज चढवला, आणखी चढवला, आणि शेवटच्या अंतऱ्याला गळा असा फाटला की मंडपभर हशा पिकला. कोणीतरी कोंबड्याची बांग दिली. त्या दिवसापासून त्या गायल्या नाहीत. पोरीला निजवताना पाठीवर नुसतं थोपटायच्या, अंगाई नाही. “माह्याच गळ्यानं मले फसवलं,” एवढंच एकदा म्हणाल्या होत्या, तेही भाजी चिरता चिरता.

आता पहिला बँड गात होता. रंजीता पडद्याच्या फटीतून आईकडे बघत होती. पहिल्या ओळीला आईनं मान वर केली. दुसऱ्या ओळीला डोक्यावरून पदर घेतला आणि मान खाली घातली ती घातलीच. आपण आईला फसवून, बस बदलत इतक्या लांब आणून, तिचीच फजिती तिला तीन वेळा ऐकवतो आहोत, हे तिच्या आता कुठे नीट ध्यानात आलं. अक्कल ही अशीच, गाडी सुटल्यावर स्टेशनात येते.

“गळा कसा हाये?” राजदीपनं विचारलं. ‘अठ्ठेचाळीस डिग्री’ हा बँड त्याचा, गिटार त्याची, नावही त्यानंच चंद्रपूरच्या उन्हावरून ठेवलेलं. “मागच्या प्रॅक्टिसले वरती गेली तर फाटला होता तुहा आवाज. आज नको फाटू देऊ.”

आईचा फाटला, आपलाही फाटणार, आणि आईच्या डोळ्यांदेखत फाटणार, हेच रंजीताच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं.

बाजूला मुबीन की-बोर्ड मांडीवर घेऊन, एका कानात मूळ कॅसेट ऐकत कुरकुरत होता. “परेशान करून ठेवलं या गाण्यानं. सुरुवात काळी चारले, शेवट पांढरी सातले. दर अंतऱ्याले मले बटन फिरवून सूर वर न्यावा लागते.”

“तू काऊन फिरवतं? मी चढते, तू पेटी वाजव नं आपल्या जागी.”

“अवो, कॅसेटमंधी पेटीबी चढते नं!”

रंजीतानं मान वळवली. “पेटी चढते?”

“हो. बाईसंगंच. हळूहळू.”

मुबीनचं तोंड उघडं ते उघडंच. पेटीची काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, ही काळी चारच राहते. ती पट्टी दाबली की तोच सूर निघतो, बाई रडो, नाव बुडो की मंडप पेटो. गळा चढेल, पण लाकडाची पेटी कशी चढेल? दीड वर्षं झालं, जिल्ह्यातले सगळे बँड हे गाणं घासत होते आणि एकाच्याही डोक्यात हा साधा प्रश्न आला नव्हता.

“सेल,” मुबीन हळूच म्हणाला. “अब्बाच्या टेपवर मी लहानपणी आवाज भरत होतो. सेल उतरले का मशीन हळू फिरते. हळू फिरता फिरता भरलेलं, मग चांगल्या मशीनवर लावलं का जल्दी वाजते. आवाज बारीक होते, वर जाते. गाणं चालू असतानी सेल उतरत गेले असतीन.”

म्हणजे आई कधी चढलीच नव्हती. गाणं सुरू झालं त्याच सुरात, त्याच लयीत संपलं होतं. आणि कुरखेड्याच्या मंडपात लोकांनी तिच्याकडे जो आवाज मागितला तो तिचा नव्हताच, उतरलेल्या सेलांचा होता. रंजीताला रडू आलं आणि रागही आला. कोणावर काढायचा तेच कळेना.

“राजदीप, चढवायचं नाई. सरळ म्हणायचं, काळी चारलेच.”

राजदीपला वाटलं, पोरगी घाबरली. “डोकं फिरलं का? लोक चढण्यासाठीच बसले हायेत. परीक्षकबी. सरळ म्हटलं तर भजन वाटंल!”

“वाटू दे.”

“हरलो तर?”

“ते कॅसेटवाली बाई माही आई हाये. तिथी बसली हाये, पाय.”

राजदीपनं फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

दुसरा बँड शेवटच्या अंतऱ्यात पोहोचला होता. गाणारा पोरगा मान मागे टाकून किंचाळत होता, लोक खुर्च्यांवर उभे होते, आणि त्या गर्दीतून पिशवी छातीशी धरलेल्या भागीरथाबाई फाटकाकडे चालल्या होत्या. रंजीतानं हाक मारायला तोंड उघडलं, पण त्या गलक्यात तोफ उडाली असती तरी ऐकू आली नसती. टाळ्या पडल्या. निवेदकानं त्यांच्या बँडचं नाव पुकारलं. आई फाटकापासून हाकेच्या अंतरावर.

“पहिल्या अंतऱ्याले गिटार नको, ड्रम नको,” रंजीता स्टेजवर धावता धावता म्हणाली. “मुबीन, नुसती पेटी. लवकर!”

मुबीननं की-बोर्डवर पेटीचा आवाज लावला आणि काळी चार दाबून धरली.

फाटकाजवळ भागीरथाबाई थांबल्या. वळल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. रंजीतानं त्यांच्या पाठीकडे बघत सुरुवात केली. पहिला अंतरा बरा गेला. दुसऱ्यात ड्रम आले, राजदीपची गिटार आली, लोक ताल धरू लागले. तिसरा अंतरा लागला, आणि खालून आवाज यायला लागले, “चढव! चढव!”

राजदीपला राहवलं नाही. त्यानं गिटारचा सूर वर ओढला, नेहमीसारखा, सवयीनं म्हणा की हरण्याच्या भीतीनं. रंजीताच्या कानात दोन सूर एकमेकांवर आदळले. एका क्षणापुरता तिचा आवाज त्याच्या मागे जायला निघालाही होता. तीच जुनी जागा आता फाटणार, असं वाटलं. मुबीननं दुसरा हात उचलला आणि काळी चार आणखी जोरानं दाबली. रंजीतानं डोळे मिटून ती पट्टी पकडली. अंगणातून घरात बोलवावं तसं तिनं म्हटलं, “काठ जवळ आण नावाड्या.” राजदीपनं तिच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं, आणि गिटार खाली आणली.

लोकांची निराशा झाली. एकानं शिट्टी मारली, मागून कोणी ओरडलं, “सेल संपले काय वो बाई?” त्या बिचाऱ्याला काय ठाऊक आपण काय बोललो ते. गाणं संपलं तेव्हा तुरळक टाळ्या पडल्या. निकाल सांगायला ज्योतिषी नको होता.

भागीरथाबाई स्टेजच्या मागे आल्या तेव्हा अजून उजेड होता. त्या रंजीताकडे न बघता मुबीनपाशी गेल्या. “पेटी काऊन नाई चढवली तुनं?”

“पेटी चढतच नाई नं काकू,” मुबीन म्हणाला.

रंजीतानं मोबाइल आईच्या हातात दिला. “आई, तूच पाय. समजावून नाई सांगत मी.”

मोबाइलवर कॅसेट सुरू झाली. भागीरथाबाईंनी बोट की-बोर्डच्या काळी चारवर ठेवलं, इतक्या वर्षांनी, पण न चाचपडता. पहिला अंतरा पट्टीला चिकटून चालला. दुसऱ्यात किंचित खटकायला लागलं. तिसऱ्यात कॅसेटमधली पेटी एकीकडे आणि बोटाखालचा सूर दुसरीकडे, इतकं उघड की राजदीपनंही तोंड वाकडं केलं. बाई बोट उचलेनात. गाणं संपलं, तरी तो एकच सूर तिथे वाजत राहिला.

“सेल उतरले होते, आई. तू नव्हती चढली. कधीच नाई.”

“तिथीच होती मी?”

“तिथीच.”

“अन् कुरखेड्याले मी...” त्यांची अख्खी जवानी त्या एका संध्याकाळनं गिळून टाकली होती, आणि ती कशापायी, तर कोणाच्या तरी टेपातल्या उतरलेल्या सेलांपायी. त्या रडतील असं रंजीताला वाटलं. त्या रडल्या नाहीत, संतापल्या. “मेल्यानं नवे सेल टाकले असते तर काय गेलं असतं त्याचं!” आणि मग स्वतःच हसल्या, डोळ्यांना पदर लावून.

स्टेजवर तिसरा क्रमांक पुकारला गेला, ‘अठ्ठेचाळीस डिग्री’. कोणी हललं नाही. राजदीपसुद्धा नाही.

कारण भागीरथाबाईंनी घसा खाकरला होता. बोट अजून पट्टीवरच होतं. आवाज जाडाभरडा निघाला, मधेच खरखरला, श्वासही पुरला नाही. त्यांनी परत श्वास घेतला आणि शेवटचा अंतरा म्हटला, सावकाश, न ओरडता. गळा जागच्या जागी होता.