हेसलच्या गाई

वसंतातली मोठी साफसफाई आली की सीत्स्केच्या अंगात वारं शिरायचं. गाद्या अंगणात, गालिचे तारेवर, कपाटं पालथी. फ्रीसलंडच्या त्या गावात ईस्टरपर्यंत जिच्या खिडक्या लखलखल्या नाहीत, तिला सीत्स्के बाईमाणूस म्हणायला तयार नसे.

यंदा तिनं कॉम्प्युटरही सोडला नाही. आत बघते तर शेकडो फायली. नावं अशी की जीभ अडखळावी, आणि तारखा पाच-पाच वर्षांपूर्वीच्या. "पाच वर्षांत जे कुणाला लागलं नाही, ते माझ्या घरात नको," म्हणत तिनं त्या सपासप झाडून काढल्या. वर केराची टोपलीही रिकामी केली. अर्धवट काम तिला ठाऊकच नव्हतं.

त्या दिवसापासून मशीनचं बिनसलं. सुरू व्हायचं, अमकी फाईल सापडत नाही म्हणून कुरकुरायचं आणि दोन मिनिटांत ढिम्म व्हायचं. थोपटा नाहीतर शिव्या द्या, काही उपयोग नाही.

मशीन गेलं चुलीत. पण त्यात तिच्या नवऱ्याच्या, हेसलच्या गाई होत्या. चाळीस वर्षांत गोठ्यात आलेली प्रत्येक गाय, तिची आई, तिचा स्वभाव, सगळं हेसलनं म्हातारपणी दोन बोटांनी टकटक करत त्यात उतरवलं होतं. तो जाऊन दोन वर्षं झाली. आणि त्याच्या मूळ वह्या? त्या मागच्याच साफसफाईत सीत्स्केनं रद्दीत घातल्या होत्या. आता मशीनमध्ये आहेच की, म्हणून.

शहरातल्या दुकानदारानं पाहून मान हलवली. "आजी, सगळं पुसून नव्यानं भरू."

"तुझं दुकान पूस आधी," म्हणून ती मशीन घेऊन परत आली.

राहता राहिली जाऊ, येल्चे. दोघा भावांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून सारखी मशिनं आणली होती. सोबत मिळालेली, बिघडलेलं मशीन दुरुस्त करायची चकती सीत्स्केनं कधीच फेकून दिली होती. येल्चे मात्र दोरीचा तुकडाही टाकत नसे. "तिच्या घरात उंदीरसुद्धा वाट विचारत फिरतो," असं सीत्स्के गावभर सांगायची. आता त्याच दारात उभं राहायचं होतं. गिळवत नव्हतं, पण गेली.

"ये, पण जपून," येल्चे म्हणाली. "आमचे उंदीर पाहुण्यांना लाजतात."

"चकती आहे का तुझ्याकडे?"

"कॉम्प्युटरची? आहे ना. तुझी कुठं गेली?"

"मोठी साफसफाई झाली."

येल्चेनं बटणांच्या डब्याखालून चकती काढली. तिचंही मशीन एकदा असंच रुसलं होतं, तेव्हा तिनं पुस्तिका वाचून ते उठवलं होतं. दुपारी ती सीत्स्केकडे आली. चकती आत गेली आणि कुठल्या फायली गायब आहेत ते मशीन एकेक करून सांगू लागलं, परत घालू का म्हणून विचारू लागलं. येल्चे प्रत्येकीला 'हो' म्हणत गेली.

"किती गं ही! तू झाडलंस की नांगरलंस?"

"तू हात चालव, जीभ नको."

कॉफी झाली, एकेक बिस्किट झालं, डब्याचं झाकण लागलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. दोन मिनिटं गेली. पाच गेली. बाण हलत होता. सीत्स्केनं हात मांडीवर घट्ट धरले होते.

गाई उघडल्या.

येल्चे मोठ्यानं वाचू लागली. "ट्राइन दुसरी. फाटकाची कडी जिभेनं काढते. हिच्यामुळे पाद्रीबुवांचा कोबी गेला." दोघीही हसल्या. पाद्रीबुवा मोज्यांवरच काठी घेऊन धावले होते. तेव्हा दोघी नव्या सुना होत्या, आणि कुंपणामागं वाकून तोंडात एप्रन कोंबून बसल्या होत्या.

"सीत्स्के तिसरी," येल्चे थबकली. "अगंबाई, तुझं नाव!"

"वाच."

"'लाथ मारते. कुणाला जवळ येऊ देत नाही. पण वादळ आलं की सगळी वासरं हिच्याच आडोशाला. हिला विकायचं नाही.'"

सीत्स्के खुर्ची पडद्याजवळ ओढून बसली. मग कडक आवाजात म्हणाली, "छापायचं यंत्र आहे ना तुझ्याकडे? उद्या सगळं कागदावर काढ. दोन प्रती. एक तुझ्या घरी राहू दे."

"माझ्या पसाऱ्यात?"

"तिथंच. तिथून काही हरवत नाही."