दाजींच्या भोपळ्याचं गाऱ्हाणं

गावच्या जत्रेत देवापुढे पहिला भोपळा ठेवायचा मान दाजी परबांच्या घराचा. अट एवढीच, की तो दोघांनी उचलून आणावा. १९५९ साली जत्रा महिन्यावर आली तरी दाजींच्या वेलावर एकच फूल होतं, आणि शेजारच्या गंगारामाचा भोपळा कुंपणावरून इकडे बघत होता. परबांचा भोपळा आला नाही तर मान गंगारामाकडे जाणार, हे गंगाराम सोडून सगळे बोलत होते. गंगाराम नुसता भोपळ्यावरची धूळ पुशी.

त्याच आठवड्यात शेतकी साहेब जीपमधून आले. "पान म्हणजे झाडाची चूल," ते म्हणाले. "मुळांतून पाणी येतं, हवेतून कर्बवायू, आपण श्वासातून सोडतो तोच. उन्हाच्या आचेवर त्यांची साखर होते. तिन्हींतलं जे कमी पडेल तिथं स्वयंपाक अडतो. मग बाकीचं कितीही ओता."

दाजींच्या वेलाला काय कमी पडतंय हे सांगण्याआधीच जीप सुरू झाली.

दाजींनी स्वतःच विचार केला. ऊन रखरखीत. विहीर तुडुंब. म्हणजे अडलं होतं श्वासावर. आणि सगळ्या गावाने एकदम श्वास सोडायची एकच रीत त्यांना ठाऊक होती.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊ ते बारा वेलाभोवती जमून देवाला गाऱ्हाणं घालणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, ह्या येलाक बळ दी, रे म्हाराजा!" दाजी हात जोडून म्हणत.

"व्हय म्हाराजा!" वीस माणसं वाकून पानांवर ओरडत.

"लवू, तोंड खाली कर रे! तुझो वारो गंगारामाच्या येलाक चाललो!"

ऑक्टोबरचं ऊन माणसांना सोसेना. तिसऱ्या दिवशी छत्र्या आल्या. वीस काळ्या छत्र्या, काठाला काठ लावून. सर्वांत मोठी गंगारामाची. तो एकही दिवस चुकला नाही. दाजी गहिवरले.

दहाव्या दिवशी पानं पिवळी पडली. दाजींनी गाऱ्हाणं चारपर्यंत वाढवलं. तेव्हा चहा देऊन देऊन टेकीला आलेली त्यांची बायको यशोदा म्हणाली, "अवो, साहेबान तीन वस्तू सांगल्यान. त्यातला ऊन खंय आसा?"

दाजींनी वर पाहिलं. वर कापड होतं.

"छत्र्यो मिटा रे सगळ्यांनी!"

छत्र्या मिटल्या आणि पाच मिनिटांत घरामागचं परडं रिकामं झालं. वेल आठवड्यात हिरवागार झाला, फळही धरलं. पण जत्रेची तिथी काही पानांना विचारून ठरत नाही.

जत्रेला दाजी आणि त्यांचा भाऊ गणपत भोपळा घेऊन आले. लिंबाएवढा. दोघांनी दोन-दोन बोटांत धरलेला.

"दाजीनू," गंगाराम म्हणाला, "ह्यो भोपळो?"

"दोघांनी उचललो मा?" दाजींनी घाम पुसला. "अटीत मापाचा काय नाय." आणि लगेच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो भोपळो गोड मानून घे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वीसही जण सवयीने भोपळ्यावर वाकले.

"आणि मान परबांच्या घराकडेच ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज गंगारामाचा होता. तोंड मिटायला त्याला जरा वेळ लागला.