कुठे काचतं का?

मी एक कोट आहे. लोकरीचा, तपकिरी, चांगला जाडजूड. सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझं जगात कोणाशीही वाकडं नाही. फक्त एका जांभळ्या जॅकेटशी आहे.

ते जॅकेट या क्षणी माझ्या शेजारच्याच खुंटीवर लटकलंय. त्याचं नंतर बघू. आधी माझा जन्म ऐका, कारण असा जन्म त्या जॅकेटच्या सात पिढ्यांत कोणाला मिळाला नसेल.

मला मास्तरांनी शिवलं. मास्तर म्हणजे आमचे टेलर मास्तर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाईकाने ओव्हरकोटासाठी कापड आणून टाकलं आणि त्याची बदली झाली. जाताना म्हणाला, "मास्तर, आता तुमच्याकडेच ठेवा. लग्नाची भेट समजा." मास्तरांनी ते कापड गालाला लावून पाहिलं आणि ठरवून टाकलं, बायकोला कोट शिवायचा.

मास्तरांची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक कितीही जुनं असो, माप नव्याने घेणार. कच्ची शिवण घालून ट्रायलला उभं करणार, खांद्यावर चापटी मारणार आणि विचारणार, "कुठे काचतं का? आत्ताच बोला, मागून कुरकुर चालायची नाही." हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी कधी कोणाचा कपडा पुरा केलेला नाही.

पण बायकोचं माप? काकू हात पसरून उभ्या राहिल्या तर हे म्हणाले, "तुझं माप घ्यायला टेप कशाला? ते माझ्या डोळ्यांत आहे." काकू लाजून आत पळाल्या. (त्यांना गल्लीत सगळे काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.) माझी ट्रायल झाली नाही. एकदम अंगावरच गेलो आणि काय सांगू, हातमोजा बसावा तसा बसलो! मास्तरांची मान आठवडाभर ताठ होती.

मग काय, थंडी आली की मी आणि काकू. भाजी आणायला मी, दवाखान्यात मी, लेकीच्या शाळेत मी. लेक पोटात होती तेव्हा मास्तरांनी माझ्या बाजू सैल केल्या, आणि काकूंचं अंग भरलं ते भरलंच, म्हणून मीही तसाच ऐसपैस राहिलो. कापड वरून विटलं तेव्हा सगळा उसवून उलटा शिवला. आणि दर थंडीत माझ्यात काही ना काही भर पडायची. कधी आस्तराखाली घोंगडीचा थर, कधी खांद्यांना नवे पॅड, कधी पाठीला कॅनव्हास. "हिला गारठा सोसत नाही," असं स्वतःशीच पुटपुटत मास्तर मला मांडीवर घेऊन बसायचे. मी फुगत गेलो. मला वाटायचं, माझ्याइतकं प्रेम कोणत्या कोटाच्या वाट्याला आलंय?

आणि मग लेकीला नोकरी लागली.

पहिल्या मोठ्या सुट्टीत ती घरी आली ती दोन बातम्या घेऊन. पहिली, आईबाबांना थंडीत राजधानी दाखवायला नेणार. काकूंनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं राजधानी त्यांनी कॅलेंडरवरच पाहिली होती. दुसरी बातमी पिशवीतून निघाली. जांभळं, फुगीर, चकचकीत, आडव्या शिवणींचं. पिशवीतून काढलं तेव्हा मुठीएवढं होतं आणि झटकल्याबरोबर टम्म फुगलं.

"आई, घालून बघ. अगदी हलकं आहे!"

काकूंनी घातलं. आरशात पाहिलं. आणि हसल्या. तसं हसताना मी त्यांना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मास्तर चष्मा वर सरकवून जवळ आले. जॅकेटची शिवण दोन बोटांत धरून ताणली. "मशीनची आहे," एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "बरं आहे. छान दिसतंय." माणसाच्या पोटात दुखत असलं की तो किती कमी शब्दांत बोलतो, हे मला त्या दिवशी कळलं.

निघायच्या सकाळी काकूंनी जॅकेट चढवलं आणि मी खुंटीवरच. संपलं, म्हटलं. पण मास्तर दारातून परत फिरले, मला काढून हातावर घेतलं.

"बाबा, तो कशाला? केवढं ओझं ते!"

"असू दे. तिकडची थंडी वेगळी असते. त्या फुग्याने काय होणार आहे? दुपारपर्यंत मागेल बघ कोट."

माझा जीव भांड्यात पडला. मास्तर माझ्या बाजूचे होते. आम्ही दोघंही त्या जॅकेटवर जळत होतो, फक्त त्यांना तोंड होतं आणि ते उघडत नव्हते.

राजधानीत खरोखरच कडाक्याची थंडी होती. धुकं इतकं की तो प्रसिद्ध विजयस्तंभ कमरेपासून वर दिसेचना. लेक हौसेने माहिती सांगत होती, काकू मान वर करून करून बघत होत्या, आणि मास्तर फक्त काकूंकडे बघत होते. दर थोड्या वेळाने विचारायचे, "गार वाटतंय का?"

"छे हो! मस्त ऊब आहे."

पुलावर वारा सुटला. मी मनातल्या मनात म्हटलं, ये रे बाबा, अजून जोरात ये. पुन्हा, "गार वाटतंय का?" पुन्हा, "नाही हो." मोठ्या चौकात, कारंज्याचं पाणी गोठलेलं होतं तिथे तर मास्तरांनी मला झटकून, उघडून, दोन्ही हातांत धरूनच ठेवलं. काकू पुढे निघून गेल्या. बिचारे मास्तर! स्वतःच्या अंगात जुना विरलेला स्वेटर, नाक लालबुंद. पण मला अंगात घालतील तर शपथ.

"बाबा, तुम्हीच घाला ना तो," लेक म्हणाली.

"बायकांचा कोट आहे तो! बटणं डावीकडे. लोक काय म्हणतील, टेलर आहे आणि एवढं कळत नाही?"

त्या गर्दीत बटणांकडे कोण बघत होतं, देव जाणे.

असे आम्ही जुन्या राजवाड्याशी पोचलो. तिथे आता मोठं संग्रहालय आहे. दारात सामान तपासायचं यंत्र. जॅकेटवाल्या काकू सुळकन पलीकडे गेल्या. मला पट्ट्यावर ठेवलं तर यंत्र ओरडायला लागलं.

पहारेकरी म्हणाला, "हा कोट कोणाचा?"

"माझा," मास्तर म्हणाले. "म्हणजे हिचा."

"यात काहीतरी टोकदार आहे."

होतंच. माझ्या कॉलरखाली मास्तर कायम एक सुई दोऱ्यासकट टोचून ठेवतात. कधी कुठे बटण तुटेल सांगता येत नाही. ती काढायला विसरले होते.

मास्तर आधीच सकाळपासून धुमसत होते. म्हणाले, "टेलरकडे सुई नाही तर काय तलवार असणार? तलवारी तर तुम्हीच आत मांडून ठेवल्यात की!"

रांगेतली माणसं हसली. पहारेकरीही हसला, पण नियम तो नियम. "सुई इथे टेबलावर ठेवा, जाताना घेऊन जा. आणि आत नेताना कोट अंगात तरी घाला, नाहीतर त्या खिडकीत जमा करा. हातावर घेऊन फिरता यायचं नाही."

"जमा? अनोळखी माणसाच्या हातात? मुळीच नाही. तुम्ही दोघी जा. मी बसतो बाहेर."

"अहो, असं काय करता?"

"जा म्हटलं ना!"

त्या गेल्या. आम्ही दोघं दाराबाहेरच्या दगडी बाकावर. मी मांडीवर, मास्तर कुडकुडत. आणि मला काय सलत होतं सांगू? ते जॅकेट आत राजवाडा बघत होतं. सिंहासनं, झुंबरं, राजाराणीचे कपडे! काकूंच्या जन्माची हौस पुरी होत होती, आणि त्यांच्या अंगावर होतं कोण? काल दुकानातून आलेलं ते फुगीर कार्टं. इतकी वर्षं गारठा मी खाल्ला आणि मिरवायला ते!

पण थोड्याच वेळात काकू एकट्याच बाहेर आल्या.

"काय गं? एवढ्यात झालं बघून?"

"आत एका राणीचा झगा आहे. खांद्याला उसवलाय. तुम्हाला दाखवावासा वाटला. चला ना."

"त्या जॅकेटला दाखव."

काकू बाकावर बसल्या. "अहो, तुम्ही जॅकेटवर रुसलात?"

"हो, रुसलोय!" मास्तर एकदम म्हणाले. "आता डोळ्यांनी धड दिसत नाही, दोरा ओवता येत नाही. नवीन काही शिवून देणं होणार नाही माझ्याच्याने. तुझ्या अंगावर माझ्या हातचं एवढंच उरलं होतं. तेही तुला नकोसं झालं."

मला वाटलं, आता काकू मला उचलतील. वाटलं काय, खात्रीच होती. म्हणतील, कोण म्हणतं नको झालाय, आणा इकडे.

पण काकू म्हणाल्या, "उजवा खांदा दुखतो हो माझा."

"कधीपासून?"

"झाली दोनतीन वर्षं. हात वर होत नाही. कोट घातला की रात्रभर ठणकतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलणार? दर थंडीत तुम्ही एवढ्या मायेने त्यात काहीतरी भरायचात. जड होतो म्हटलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मास्तरांनी मला दोन्ही हातांवर घेतलं आणि हलकेच वर-खाली केलं. भाजीवाली तागडीत वांगी जोखते तसं. पहिल्यांदाच जोखत होते ते मला. खरं सांगतो, त्या वेळी मला पिसासारखं हलकं व्हायचं होतं. नाही झालो. घोंगडी, कॅनव्हास, पॅड, सगळं त्यांच्या हातावर पडलं, आणि त्यांचा हात खाली गेला.

"दर गिऱ्हाईकाला विचारतो मी," ते म्हणाले. "नुसता पायजमा शिवायला आला तरी विचारतो."

"मी गिऱ्हाईक थोडीच होते?"

मास्तर उठले. तिथे राजवाड्याच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, काकूंच्या समोर उभे राहिले. दुकानात उभे राहतात तसे. त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. चापटी नाही मारली, नुसता ठेवला.

"कुठे काचतं?"

काकूंनी त्यांचा हात धरला आणि थोडा मागे, मानेजवळ सरकवला. "इथे," म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. मास्तरही रडले. मी दोघांच्या मधे चेंगरलो होतो आणि मला पहिल्यांदाच जॅकेटचा विसर पडला.

मग काकूंनी नाक पुसलं आणि मास्तरांकडे नीट पाहिलं. "अगंबाई, ओठ बघा, निळे पडलेत! आणि कोट मांडीवर घेऊन बसले होते शहाणे." मी एकदम हवेत उचलला गेलो आणि मास्तरांच्या पाठीवर येऊन पडलो.

"अगं, बायकांचा आहे! बटणं..."

"गप्प बसा. हात घाला."

त्यांनी हात घातले. काकूंसाठी ऐसपैस झालेला मी, त्या सुकलेल्या माणसाच्या अंगावर बरोबर बसलो. बटणं उलटी असल्याने त्यांना लावता येईनात, ती काकूंनी समोर उभं राहून डाव्या हाताने एकेक लावली. आम्ही पुन्हा दारात गेलो तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, "काय, ठरलं का कोट कोणाचा?"

"ह्यांचा," काकू म्हणाल्या. अंगात होतो, म्हणून मला आत सोडलं.

राणीचा झगा मी पाहिला. खांद्याला खरंच उसवला होता. मास्तर काचेला नाक लावून म्हणाले, "हिलाही कोणी विचारलं नसणार." काकू इतक्या जोरात हसल्या की लेक दुसऱ्या दालनातून धावत आली, आणि मास्तरांच्या अंगावर मला बघून तिने आधी फोटो काढला आणि मग विचारलं, काय झालं म्हणून.

घरी आल्यावर मास्तरांनी मला उसवलं. एकेक थर काढला. सुईत दोरा आता काकू ओवून देतात. मी पुष्कळ हलका झालोय, पण काकूंच्या अंगावर काही परत गेलो नाही. त्या जॅकेट घालतात, मास्तर मला घालतात. बटणं अजून डावीकडेच आहेत. लेक म्हणाली बदलून घ्या, तर मास्तर म्हणाले, "राहू दे. तीच लावून देते."

तुम्हाला वाटेल, मग आता काय तक्रार? तक्रार आहेच. संध्याकाळी दोघं फिरायला जातात तेव्हा जॅकेट काकूंना बिलगलेलं असतं आणि माझा जीव अजून जळतो. ती ऊब मी विसरलेलो नाही. तुमच्या घरी कोणी मुकाट्याने काही अंगावर वागवत असेल, तर एवढं करा, एकदा विचारा कुठे काचतं का. कोटाला विचारता येत नाही.

पण एक गोष्ट सांगून मी थांबतो. इतकी वर्षं मी काकूंच्या अंगावर होतो, म्हणून मला दिसायचं ते त्यांच्या समोरचं जग. त्यांचा चेहरा दिसायचा तो आरशात, घाईघाईत, तेवढाच. आता रोज त्या माझ्यासमोर उभ्या राहतात, वरपासून खालपर्यंत बटणं लावतात, आणि शेवटचं बटण लावून झालं की मान वर करून मास्तरांकडे बघतात. तेव्हा तो चेहरा अगदी माझ्यासमोर असतो.

जॅकेटला तो कधी दिसत नाही. मी त्याला हे सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.