बंद केलेला पंप

"पंप कुणी चालू केला?" सुनेनं दारातूनच विचारलं. चप्पल अजून पायात होती.

"मी," तिचे सासरे, पंपवाले, ऐटीत म्हणाले. "बंद पडला होता. खोलला, आतला पंखा धुतला, बसवला. आता ऐक, आवाज तरी येतोय का?"

सून काचेच्या टाकीपाशी गेली. "बंद पडला नव्हता, बाबा. मी बंद केला होता."

दुपारी, ती दवाखान्यात कामाला निघण्याआधी, त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या गोगलगायींनी वीण सोडली होती. काचेच्या वरच्या कडेशी येऊन त्या धुरासारखं पांढरट काहीतरी पाण्यात सोडतात. त्यातून डोळ्यांना न दिसणारी पिल्लं होतात, काही दिवस तरंगतात आणि मग काचेला चिकटतात. तेवढे दिवस पंप चालला, तर पिल्लं त्यातच ओढली जातात.

आता पाणी स्वच्छ होतं. पंप मजेत चालला होता.

"मला सांगायचं नाही का?"

"तुमचा डोळा लागला होता. उठवायचं जिवावर आलं."

पंपवाल्यांचा उभा जन्म बंद पंप चालू करण्यात गेला होता. गप्प पंप दिसला की हात आपोआप पान्याकडे जायचा. ते ओशाळले, म्हणून जरा चढ्या आवाजात म्हणाले, "अगं, लोक गोगलगायी मारायला मीठ टाकतात, आणि तू त्यांना मिठाच्या पाण्यात पाळतेस! त्यात एवढं तोंड पाडायचं काय?"

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त टाकीच्या कोपऱ्यातल्या प्रवाळाकडे बोट दाखवलं. माहेराहून आणलेली अंगठ्याएवढी कांडी आता मुठीएवढी झाली होती, आणि तिच्या बुडाशी तिचा जीव घेणारं हिरवं शेवाळ चढलं होतं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी म्हाताऱ्या झाल्या होत्या, एकेक मरत होत्या. दुकानातून आणलेल्या इथे जगत नव्हत्या. याच पाण्यात जन्मलेल्या जगल्या तर जगल्या.

"हे तर म्हणतातच, सुट्टीवर आलो की टाकी काढू," ती म्हणाली. हे म्हणजे जहाजावर नोकरी करणारा पंपवाल्यांचा मुलगा. "काढू या मग."

"काढू या म्हणजे? पंपवाल्यानं बिघडवलंय, पंपवालाच नीट करणार. त्या परत कधी सोडतात?"

"पाणी बदललं की कधी कधी. नेम नाही."

दुसऱ्या दिवसापासून पंपवाले मीठ मोजायला, पाणी कोमट करायला शिकले. पाणी बदलायचे आणि टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. शेजारचा शिंपी खिडकीतून विचारायचा, "काका, सिनेमा कसा चाललाय?"

"हिरॉइन अजून आली नाही!"

असं दोनदा पाणी फुकट गेलं. पुढच्या खेपेला भर दुपारी एक गोगलगाय कडेशी चढली आणि पांढरा धूर निघाला. सून कामावर होती. पंपवाल्यांनी वायर उपसली. घर एकदम गप्प झालं.

पाणी हललं नाही तर प्रवाळ गुदमरणार. बुडबुड्यांची नळी होती, पण तिचा जोर कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी बाही वर सारली, हात पाण्यात घातला आणि पाळणा हलवावा तसा हलवायला लागले.

"बाबा, हात पांढराफटक पडलाय," सून आल्या आल्या म्हणाली.

"आधी तू जेव. मग तू धर."

पुढचे दिवस असेच पाळीपाळीनं गेले. एकदा मुलाचा फोन आला. सुनेनं तो सासऱ्याच्या कानाला लावला.

"बाबा, काय करताय?"

"पंप झालोय."

"काय?"

"तू ये, मग बघ."

मग पंप पुन्हा लावला. आठवडे गेले, काही दिसेना. काच हिरवी होत गेली. मुलगा यायच्या सकाळी सुनेनं काच घासायची पट्टी उचलली. "निदान स्वच्छ तरी दिसू दे."

"थांब!" पंपवाल्यांनी तिचं मनगट धरलं.

खालच्या कोपऱ्यात, हिरव्या शेवाळात, दोऱ्याएवढी एक स्वच्छ रेघ होती. वळत वळत गेलेली. रेघेच्या टोकाला राळ्याच्या दाण्याएवढा ठिपका. दोघांनी श्वास रोखून पाहिलं, तेव्हा तो हलला.

बेल वाजली. सुनेनं पट्टी खाली ठेवली, पण तिचा पाय निघेना.

"जा, दार उघड," पंपवाले काचेवर बोट टेकवून म्हणाले. "मी जागा धरून ठेवतो."