मधला आडवा बीम

"साहेब, हा गर्डर फोडा लागते," वाहिद मिस्त्री म्हणाला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

१९६१ची दिवाळी नुकतीच झाली होती. राळेगावच्या रस्त्यावर नाल्यावरच्या पुलाचं काम चालू होतं आणि मी तिथला ओव्हरसियर होतो. वय तेवीस, डिप्लोमा ताजा, राग नाकावर. वाहिद यवतमाळचा, वीस वर्षं लोखंड बांधत आलेला. आपण बांधलेलं काम कधी फोडावं लागलं नाही, हे तो ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा. आज तोच माणूस फोडायचं म्हणत होता.

पुलाच्या प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या भागात, काँक्रीटचे तीन लांब गर्डर शेजारी शेजारी होते. त्यांना एकमेकांशी जखडायला आडवे बीम टाकायचे. दोन टोकांना दोन आणि मध्ये एक, तोही अगदी मध्यावर नाही, जरासा यवतमाळच्या अंगाला. आडव्या बीमच्या सळ्या तिन्ही गर्डरांतून आरपार जाव्यात म्हणून वाहिद साच्यातच बांबूचे तुकडे बसवून भोकं राखायचा. दुसऱ्या गाळ्यात दोन गर्डरांची मापं त्यानं यवतमाळच्या टोकाकडून घेतली आणि तिसऱ्याचं राळेगावच्या. मधली भोकं हातभर सरकली. काँक्रीट तर केव्हाच घट्ट झालं होतं.

"कायले फोडता?" ठेकेदाराचा मुनशी घनश्याम म्हणाला. "टोकाले बीम हायेतच. मधातला नाई टाकला तं कोनाले दिसते? वरतून स्लॅब येऊन राह्यला."

खरं सांगतो, मलाही ते पटत होतं. वरिष्ठांना चूक कळवायची म्हणजे माझ्याही देखरेखीचे वाभाडे निघणार. मी वाहिदवरच उखडलो. "फोडायचं तर मला अहवाल लिहावा लागेल. त्यात तुमचं नाव येईल. कामावरून काढतील, पुढे सरकारी पुलावर कुणी उभं करणार नाही."

वाहिदनं मला पुलाच्या कडेला नेलं. समोरच्या तांड्यावरच्या बाया कामावर येत होत्या. नाल्याला अजून मांडीभर पाणी होतं, ओढही होती. आठ जणी एका रांगेत, सगळ्यांच्या हातात मिळून एकच लांब बांबू आडवा धरलेला. पुढे त्यांची मुकादम रामीबाई. मध्येच एकीचा पाय घसरला, ती कंबरेपर्यंत खाली गेली; बांबू जरासा लवला, बाकीच्यांनी पाय रोवले आणि ती उभी राहिली.

"मधातल्या बायांनी बांबू सोडला असता तं?" वाहिदनं विचारलं. "टोकाच्या दोघीनं धरून काय फायदा? जिच्यावर जोर येते, ते एकलीच जाते. टरक काही पुलाच्या मधातून नेमानं जात नाई साहेब. कडेनं गेला का त्या एकाच गर्डरवर सारं वजन. मंग मधातला बीमच बाकीच्या दोघाइले कामाले लावते."

हेच मी परीक्षेत आकृतीसकट लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. मला माझीच लाज वाटली.

"लिहा अहवाल," तो म्हणाला. "नाव नीट लिहा. वाहिद मिस्त्री, यवतमाळ."

मी तसंच लिहिलं; त्याचं काय करायचं ते चाचणीनंतर ठरणार होतं. सहा दिवस तो छिन्नी-हातोडी घेऊन त्या गर्डरला भिडला होता. आतल्या सळईला धक्का न लावता नवी भोकं पाडायची होती. दुसऱ्या कुणाला त्यानं हात लावू दिला नाही. सातव्या दिवशी सळ्या सरळ आरपार गेल्या. जुनी भोकं बुजवली आणि रामीबाईनं मधल्या बीमचं काँक्रीट स्वतः उभं राहून ठासून घेतलं.

वरचा स्लॅब पडल्यावर पौषात चाचणी झाली. यवतमाळहून मोठे साहेब आले. दगडांनी भरलेला ट्रक मुद्दाम कडेच्या गर्डरवर उभा करायचा आणि कोणता गर्डर किती लवतो ते मी काठावरून, गर्डरांना लावलेल्या पट्ट्यांवर, दुर्बिणीतून वाचायचं. खाली कुणी थांबायचं नाही अशी ताकीद होती. वाहिद गाळ्याखाली जाऊन बसला.

"वर या," मी ओरडलो.

"चूक मायी हाय, मी खालीच राह्यतो."

"मंग माल आमीच टाकला ना," म्हणत रामीबाई पदर खोचून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मोठे साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच ट्रकला पुढे यायची खूण केली.

कडेचा गर्डर लवला. मधलाही लवला, पलीकडचाही थोडा. ट्रक निघाला तसे तिन्ही पुन्हा जागेवर आले. आकडे सकाळी तपासलेल्या पहिल्या गाळ्याशी तंतोतंत जुळले. माझा ऊर भरून आला. जणू सहा दिवस हातोडी मीच मारली होती.

मोठ्या साहेबांनी अहवालाची वही मागवली, चूक नोंदवलेल्या पानावर पेन टेकवलं. "काम चोख आहे, मिस्त्री. हे नाव खोडून टाकतो."

"नोका खोडू साहेब," वाहिद म्हणाला. "उद्या कोनी इथं दुरुस्ती कराले आलं तं त्याले समजलं पाह्यजे, भोकं कुठं बुजवली अन् कुठं पाडली. कोनाले इचारा लागते ते बी समजलं पाह्यजे."

साहेबांनी पेन त्याच्यापुढे केलं. टेबल नव्हतंच. घट्टे पडलेल्या बोटांत पेन धरून वाहिद उर्दूत, एकेक अक्षर ठळक काढत सही करत होता, आणि तेवढा वेळ मोठे साहेब वही दोन्ही हातांवर धरून उभे होते.